चार अक्षरं आन एक नारळ

...न्हाई, तुम्हीच सांगा, चार अक्षरांसाठी माणसानं किती पळावं? चारच हं! पोरगी एस्सेस्सेल्सी, म्हणजे आपली दहावी, पास झाली, त्र्याण्णव टक्के पडले, गल्लीत पेढे वाटले, मठात जाऊन स्वामींच्या पाया पडून आलो, आता जरा पाय पसरून बसावं म्हणलं तर बायको दारात उभी, "अवो, बसलाव काय, कॉम्बिनेशन कोणतं घ्यायचं?" तुम्हाला सांगतो, मला जन्मात एकच कॉम्बिनेशन ठाऊक, ज्वारीची भाकरी आन शेंगाची चटणी. हे दुसरं काय निघालं म्हणून जो उठलो तो पुढं दोन हप्ते बसलोच न्हाई.

आपल्या कर्नाटकात दहावी झाली की पीयूसी, दोन वर्षं, आन सायन्सला जायचं तर अक्षरं निवडायची, चार. पहिली तीन सगळ्यांची सारखीच. पी म्हणजे फिजिक्स, सी म्हणजे केमिस्ट्री, एम म्हणजे म्याथ्स. सगळं भांडण चौथ्यावर! चौथं अक्षर बी घेतलं की बायॉलॉजी, म्हणजे पुढं डॉक्टर. सी घेतलं की कॉम्प्युटर, म्हणजे बेंगळूर न्हाईतर हैदराबाद, आन आईबाप हितं व्हिडिओ कॉलवर. ई घेतलं की इलेक्ट्रॉनिक्स. एस घेतलं की स्टॅटिस्टिक्स, ते कशाशी खातात ते मला अजून कुणी सांगितलेलं न्हाई. म्हणजे लेकराचं सोळाव्या वर्षी काय ठरायचं? एक अक्षर ठरायचं, आन त्या अक्षराच्या मागं जन्मभर चालायचं.

मग काय, सल्ल्याला तोटा हाय का आपल्याकडं? समोरचा बंडेप्पा, जिल्हा पंचायतीतून रिटायर झालेला, रोज सकाळी दात घासत घासत आमच्या दारात, तोंडात फेस, आन बोलणं चालूच, "मल्लप्पा, बी. डोळे झाकून बी. आपल्या भागाला थ्री सेवंटी वन जेचं आरक्षण हाय, सीट कुठं जात न्हाई." फेस पडायचा आमच्या पायरीवर. मेव्हणा अमरनाथ हैदराबादेत कॉम्प्युटरवर असतो, त्याचा फोन, "भावजी, बी-बी काय लावलंय, दहा वर्षं शिकत बसंल पोरगी, सी घ्या, चार वर्षांत पगार." बायको, हेमावती, ती सरळ बोलतच न्हाई, ती देवापुढं बसून देवाला सांगायची, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बसवण्णा, ह्या घरात एक तरी पांढरा कोट येऊ दे रे." आन मी? मी म्हणलं बी. माझं काय जायलाय? लिहायचं पोरीनं, शिकायचं पोरीनं, मी सही करणार. अक्षरं किती? चार.

आता मी कोण ते सांगायचं राहिलंच की. मी बीदरच्या मैलूरचा मल्लप्पा. पाणी दाखवतो. न्हाई न्हाई, टँकर न्हाई, बिसलरी न्हाई... नारळावर पाणी दाखवतो. कुणाला बोर मारायचा असला की मला बोलवत्यात. शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं, आन जिथं जमिनीखाली पाणी असंल तिथं नारळ आपोआप उभा राहतो. माझ्या वडलांकडून आलेलं. हुमनाबाद तालुक्यात इचारा, भालकीत इचारा, तिकडं औरादपलीकडचे तेलुगूवाले सुदीक गाडी पाठवत्यात. तीस वर्षं झाली, वीस जागा दाखवल्या तर पंधराला पाणी, आन उरलेल्या पाचाला? त्या पाचाचं मी पुढं सांगतो.

तर अर्ज द्यायला गेलो. कॉलेजात ही रांग! पोरगी, शिवलीला तिचं नाव, लई बोलायची न्हाई, बघत बसायची सवय, अर्ज तिनंच भरलेला, मी नुसता सहीला. खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला, चष्मा वर केला, परत वाचला, "पी, सी, एम... जी?" मी म्हणलं साहेब, बी असंल, पोट जरा उघडं राहिलं असंल अक्षराचं. तो म्हणाला, न्हाई, जी हाय, स्वच्छ हाय. मी म्हणलं, जी म्हणजे काय? तो म्हणाला, "जिऑलॉजी." म्हणजे? त्यानं माझ्याकडं बघितलं आन एकच शब्द बोलला, "दगड."

दगड! तुम्हीच सांगा, बीदरमधी दगड शिकायला कॉलेज कामून लागतंय? अख्खं बीदर लाल दगडावर बसलंय, किल्ला दगडाचा, आमची भिंत दगडाची, आमचं न्हाणीघर दगडाचं, लहानपणी पडलो तर गुडघ्याला लाल दगड, शाळेत मास्तर म्हणायचे ते पण दगडच! क्लार्क म्हणाला, ह्यो विषय कागदावर हाय म्हणून हाय, कुणी घेत न्हाई, शनवारी शेवटची तारीख, घरी बोलून या. मी अर्ज घेतला, घडी घातली, खिशात कोंबला. घरी आल्यावर हेमावतीनं एकदाच इचारलं आन स्वयंपाकघरात गेली, मग नुसती भांडी वाजायला लागली.

मी समजावलं की! चहा पाजून समजावलं, ओरडून समजावलं, "शिवू, दगडात काय ठेवलंय, बी घे, मान मिळंल." ती ऐकून घ्यायची. सगळं ऐकून झाल्यावर एकच इचारायची, "अप्पा, नारळ कामून उभा राहतोय?"

झालं का! हा प्रश्न तिनं आठवीत असताना पहिल्यांदा इचारला होता. सुट्टीत माझ्यासंगं यायची गावोगाव. तवा मी म्हणलं होतं, देवाची कृपा. परत इचारलं न्हाई. मला वाटलं, पटलं. आता परत तेच, नारळ कामून उभा राहतोय, आन तेवढ्यासाठी जी पाहिजे म्हणं! मला तेच नको होतं. का ते तुम्हाला सांगतो, पण हितंच ठेवा, बंडेप्पाला कळलं तर तो फेसासकट गावभर सांगंल.

नारळ आपोआप उभा राहत न्हाई. मी उभा करतो. तळहाताची गादी जराशी दाबायची, बोटं हळूच वर, बस्स. वडलांनी शिकवलेलं. पण वडलांनी ते शेवटी शिकवलं, आधी पाच वर्षं काय शिकवलं? बघायला शिकवलं. उंबर कुठं हाय, जांभळीची झाडं ओळीनं कुठं उभी हायत, वारूळ कुठं हाय, भर उन्हाळ्यात गवत कुठं हिरवं राहिलंय, लाल दगड कुठं सरतोय आन खालची पांढरी माती कुठं लागती. हे सगळं आधी बघायचं, मनात जागा धरायची, आन मग नारळ काढायचा. मी एकदा इचारलं होतं, मग नारळ कशाला? तर म्हणाले, "अरं, माझ्या डोळ्यांवर कोण इश्वास ठेवतंय? नारळावर ठेवत्यात." हे गुपित मी बायकोला सांगितलं न्हाई. गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन रोज पूजा करतो, तवा मनात एकदा माफी मागतो आन पुढच्या गावाला जातो.

आता सांगा, घरातच पोरगी जी शिकायला निघाली, दोन वर्षांत पुस्तक उघडून बसंल आन म्हणंल, अप्पा, नारळाचं तर ह्यात कुठं नावच न्हाई! मग? गावानं लबाड म्हणलेलं चालंल मला. पोरीनं म्हणलेलं न्हाई चालणार. डॉक्टर झाली तर ती माणसाच्या पोटात बघंल, जमिनीच्या पोटात तर बघणार न्हाई ना? म्हणून बी! मान-बीन सगळं झूट, खरं कारण हे. एका अक्षरासाठी एवढं भ्यालेला बाप बघितलाय का तुम्ही?

गुरवारी दुबलगुंडीहून गुंडेरावांचा फोन. शेतकरी माणूस, मराठा, जुनी ओळख. म्हणाले, "मल्लप्पाअण्णा, बोरची गाडी उद्या मिळायली, नारळ घेऊन या." मला तिथंच डोक्यात आलं. पोरीला म्हणलं, चल संगं. नारळाच्या जागी पाणी लागलं तर मुकाट्यानं बी लिहायचं. न्हाई लागलं तर तुझं जी. ती म्हणाली, "बरं." लगेच बरं! मला तवाच संशय यायला पाहिजे होता, पण मी कसला, मी आपला नारळ निवडायलो, शेंडी चांगली बघून.

शुक्रवारी सकाळी दुबलगुंडीत उतरलो तर शेतात ही जत्रा! बोरची गाडी बघायला सगळं गाव. गुंडेरावांनी पाणी दिलं, गूळ दिला, आन मग कानाला लागून म्हणाले, "अण्णा, मोटारीचं कनेक्शन हितं घरापाशी हाय. हितंच कुठं निघालं तर बरं. जरा बघा नारळाला सांगून." मागून त्यांच्या घरातल्या, सत्यभामाबाई, म्हणाल्या, "लांबून पाणी आणून आणून कंबर गेली हो." आता मघाशी म्हणलं न्हाई का, विसातले ते पाच? ते पाच हे असले असत्यात बघा! बोलवणाऱ्याचं मन. त्याच्या घरचं पाणी पिऊन, गूळ खाऊन, त्याला न्हाई कसं म्हणायचं? मी खालच्या अंगाला एक नजर टाकली, जांभळी दिसल्या, गवत दिसलं, सगळं दिसलं... आन पैज विसरून मी पाठ फिरवली. घरापासून वीस पावलांवर नारळ उभा राहिला. लोकांनी हात जोडले. पोरीनं काय जोडले न्हाईत, ती माझ्या हाताकडं बघत होती.

गाडी लागली. आधी लाल धूळ उडाली, मग पांढरी माती, मग काळ्या दगडाची भुकटी, दळणाच्या गिरणीवाणी नुसती भुकटी, एकशे पन्नास फूट, दोनशे, तीनशे... थेंब न्हाई, पैज तिथंच हरलो. गाडीवाल्यानं मशीन बंद केली. त्याच्यापरीस मला कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण गंमत बघा माणसांची, एकानं सुदीक नारळाला दोष दिला न्हाई! एकजण म्हणाला, कुणीतरी चप्पल घालून आलं असंल. दुसरा म्हणाला, आज वारच बरा न्हाई. गुंडेराव माझीच समजूत काढायलेत, "अण्णा, आमचंच नशीब." तीस वर्षं असंच चाललंय. पाणी लागलं तर नारळाचं, न्हाई लागलं तर त्यांचं नशीब, माझ्या अंगाला काय लागतच न्हाई. आन त्या दिवशी मात्र सगळं लागलं.

गाडीवाला म्हणाला, दुसरा पॉइंट असंल तर सांगा, न्हाईतर मी निघालो. तवा शिवलीला बोलली, सगळ्यांपुढं, हळू आवाजात, "खालच्या बांधाला मारा, जांभळीपाशी." लोकांनी माना वळवल्या. गुंडेराव हसले, पोर हाय म्हणून हसले, वाईट न्हाई हसले, पण हसले. मी तिचा हात धरला आन म्हणलं चल, बघून येऊ. आम्ही दोघंच खाली गेलो.

खाली गवत हिरवं होतं, मे महिन्यात. पोरीनं बांधाची माती पायानं उकरली, खाली पांढरी चिकणमाती. म्हणाली, "वरचा लाल दगड दोशावाणी जाळीचा हाय अप्पा. पावसाचं पाणी त्याच्यातून खाली जातंय, ह्या मातीवर अडतंय, आन उताराला इकडं येतंय." मी म्हणलं, हे तुला कुणी सांगितलं? पुस्तकात वाचलं?

"पुस्तक कुठं मिळालंय अजून? तुम्हीच की. आठवीपासून बघायलेय. नारळ काढायच्या आधी तुम्ही झाडाकडं बघताव, गवताकडं बघताव. जागा तवाच ठरती. नारळ तुम्ही मागनं दाबताव."

तुम्हाला सांगतो, तीन वर्षं! तीन वर्षं तिला ठाऊक होतं, आन तीन वर्षं ही पोरगी माझ्या ताटात भाकरी वाढायची, अप्पा अप्पा करायची, एका शब्दानं कधी... मी म्हणलं, मग लबाड म्हण की मला. खाली मान घालून म्हणलं. तर ती म्हणाली, "लबाड कामून म्हणू? विसातले पंधरा बरोबर येतायत तुमचे. ते बरोबर कामून येतंय ते तुम्हाला सुदीक ठाऊक न्हाई. तेच शिकायचंय मला."

मला लाज वाटली आन बरं वाटलं, दोन्ही एकदम. माझ्या वडलांना कुणी असं इचारलं न्हाई कधी, मला न्हाई इचारलं. लोकांनी नारळाला हात जोडले. डोळ्यांना जोडले ते ह्या पोरीनं, आन मी तिला बी लिही, बी लिही करत बसलेलो.

वर आलो, गुंडेरावांना म्हणलं, जागा ती बरोबर हाय, मारा तिथंच. ते डोकं खाजवायलेत. "तुम्ही म्हणताव ते ठीक हाय अण्णा, पण नारळ?" मी म्हणलं नारळ ऱ्हाऊ द्या. तर सत्यभामाबाई म्हणाल्या, नारळाशिवाय न्हाई हं, एकदा फसलंय! म्हणजे फसवलं नारळानं, आन जामीन पण नारळच! काय बोलणार? सगळी जत्रा खाली आली. मी नारळ तळहातावर ठेवला आन, काय सांगू, दाबायला मन धजंना. तीस वर्षांत पहिल्यांदा. नारळ आपला आडवा झोपलेला, लोक हात जोडून, आन बाजूला उभी राहून पोरगी पुटपुटली, "दाबा की अप्पा. लोक बघायलेत."

दाबला. नारळ उभा राहिला. गाडी लागली, आन सत्तर फुटांवर ओली माती, नव्वदवर पाणी, लई न्हाई, पण घराला आन जनावरांना पुरंल एवढं, चांगलं. गुंडेरावांनी मला मिठी मारली. सत्यभामाबाईंनी कुंकू लावलं. कुणाला? नारळाला! पोरीच्या हातात नुसता गूळ.

शनवारी बारा वाजता खिडकीपुढं उभा. तोच क्लार्क, तोच चष्मा, "काय, केलं का दुरुस्त?" मी म्हणलं साहेब, व्हय, बापाला दुरुस्त केलं, अर्ज हाय तसाच हाय. सही केली. पी, सी, एम, जी. अक्षरं किती? चारच. पण सही करताना पहिल्यांदाच मला चारीच्या चारी वाचता आली. हेमावती आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. मग एकदा देवापुढं बसून म्हणली, "बसवण्णा, कोट नसू दे, निदान वर्गात दुसरी एक पोरगी तरी असू दे रे." म्हणजे समजून घ्या, मान्य झालं.

वर्ग म्हणजे वर्ग तरी किती? सात पोरं, आन त्यात दुसरी पोरगी, दानेश्वरी, देवानं ऐकलं. आन शिकवायला प्रशांतकुमार सर म्हणून एक, हैदराबादला शिकून आलेले, चांगला माणूस हो, पहिल्या दिवशी एक पेटी उघडली, दगडांचे नमुने, आन त्यात लाल दगड, आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत हाय तोच. शिवू घरी येऊन त्या भिंतीपुढं अर्धा तास उभी, मी बाहेर बादली धरून. आता सुट्टीच्या दिवशी ती संगं येती, वहीत नकाशा काढती. मी जागा मनात धरायची, ती वहीत धरती, मग वही दाखवून इचारती, तुमची कुठं? दहातल्या आठ वेळा एकच निघती. उरलेल्या दोन वेळा भांडण. आन बोलवणाऱ्याच्या कानगोष्टी आता मी ऐकतच न्हाई, गूळ आधीच नको म्हणतो.

मी ठरवलं होतं, पुढच्या पाडव्याला नारळ सोडायचा. खरं सांगतो, पोरीपुढं शब्द दिला होता, एकदा ती शिकली की लोकांना खरं काय ते सांगून टाकायचं, शास्त्रावर इश्वास ठेवा म्हणायचं. हे मी परवाच बंडेप्पापुढं बोलणार होतो, तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात फोन वाजला. कोण? प्रशांतकुमार सर! "मल्लप्पाअण्णा, आम्ही बीदरलाच घर बांधायलोय. बोर मारायचाय. रविवारी येताव का?"

मी म्हणलं सर, तुम्ही स्वतः जिऑलॉजीचे, माझं काय काम? शिवूला घेऊन जावा, तुम्हीच शिकवलंय तिला.

मग आवाज बारीक करून म्हणाले, "जागा मी काढलीय हो. शिवलीलानं पण तीच सांगितली. पण आमच्या घरातल्या म्हणायल्यात, नारळ लावल्याशिवाय गाडी बोलवायची न्हाई."

रविवारी गेलो. काय करता? सरांनी जागा दाखवली, पोरीनं वहीत बघून मान हलवली, आन नारळ... नारळ मी धरला.